सर्वांत मोठा अखंड तुकडा

वस्तू दुरुस्त करून वापरणं ही आमच्या लहानपणी गरिबीची खूण होती. हल्ली ती श्रीमंतीची झाली आहे. ठिगळ लावलेली पँट घालून मी शाळेत जायचो तेव्हा मास्तर सहानुभूतीनं बघायचे. आज तसल्याच पँटीला, ठिगळ कंपनीनं स्वतः लावून दिलेलं असलं, तर चार हजार रुपये पडतात. या दोन टोकांच्या मधली पंचवीस-तीस वर्षं आम्हा मध्यमवर्गीयांची. तेवढ्या काळात आम्ही एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे मोडलेल्या वस्तू माळ्यावर टाकणं. दुरुस्त करायला वेळ नाही आणि फेकायला मन होत नाही, यातला सुवर्णमध्य म्हणजे माळा.

बागेतल्या सामानाची मात्र अशी सोय नसते. ते उघड्यावर मोडतं आणि मोडल्यावरही उघड्यावरच राहतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत. त्यामुळे त्याचा निकाल लावावाच लागतो.

'बाग' हा शब्द मी जरा जपूनच वापरतो. आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटला सोळा फूट बाय नऊ फुटांचं अंगण आहे. बिल्डरनं माहितीपत्रकात त्याला 'गार्डन' म्हटलं होतं आणि गार्डनचे वेगळे पैसे लावले होते, म्हणून आम्हीही गार्डनच म्हणतो. इतके पैसे मोजलेल्या वस्तूला नावं ठेवणं परवडत नाही. त्यात एक पारिजातक, एक तुळस आणि अकरा कुंड्या आहेत.

बसायला म्हणून आम्ही प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या घेतल्या. या जातीच्या खुर्च्यांतली जी जगभर गाजली, ती आंरी मासोने नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १९७२ साली काढलेली. साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबायचं, की दोन मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची बाहेर. खिळा नाही, स्क्रू नाही, सांधा नाही. सांधाच नाही म्हटल्यावर सांधेदुखीही नसणार, असा हिशेब होता. पण उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात. आधी रंग उडतो, मग हात फिरवला की खडूसारखी पांढरी पूड लागते, आणि मग एका रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता माणूस जमिनीवर येतो. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा आता मराठी माणसांपेक्षा या खुर्च्याच जास्त पाळतात. आणि मोडल्यावर काहीच करता येत नाही. सांधा म्हणजे दुरुस्त करणाऱ्यासाठी वस्तूनं राखून ठेवलेली जागा असते. ती जागाच नसेल तर कारागिरानं उभं राहायचं कुठे?

सहा उन्हाळ्यांत चारही गेल्या. उरली ती वडिलांची खुर्ची. सागवानी सांगाडा, रुंद हात, बैठकीला आणि पाठीला वेताची वीण. पावसाळ्यात ती आत येते, एरवी पारिजातकाखाली असते. गेल्या गणपतीत आमचे एक वजनदार नातेवाईक (दोन्ही अर्थांनी) प्रसादाची वाटी घेऊन तिच्यावर बसले आणि वाटीसकट आत गेले. नातेवाईक आम्ही ओढून बाहेर काढले. खुर्चीच्या मधोमध भगदाड राहिलं.

त्यावरून घरात जी चर्चा झाली ती मांडतो, कारण ती पुढे भलतीकडेच गेली.

मुलानं चौकशी केली होती. "नवीन वीण अठराशे रुपये. प्लॅस्टिकची खुर्ची सातशे. म्हणजे अडीच खुर्च्या येतात बाबा, आणि वर पन्नास रुपये उरतात." अर्ध्या खुर्चीवर बसण्याचा अनुभव आम्हाला नुकताच आला होता, पण मी काही बोललो नाही. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ तेवढ्यात डोकावले आणि गीतेचा दुसरा अध्याय काढून म्हणाले, जीर्ण झालं की टाकायचं आणि नवं घ्यायचं, भगवंतांनीच सांगितलंय. मी म्हटलं, ते खरं, पण ऐकणारा अर्जुन राजपुत्र होता. त्याला रफूवाल्याचा पत्ता सांगून काय उपयोग होता?

मग मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. कंपनी कायदा, २०१३, अनुसूची दोन: फर्निचरचं आयुष्य दहा वर्षं. तो कायदा तसा कोरडाच. आयकराचा हिशेब जास्त माणुसकीचा. फर्निचरवर दर वर्षी दहा टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. खुर्ची हजार रुपयांची धरली तर तीस वर्षांनी तिची किंमत बेचाळीस रुपये एकोणचाळीस पैसे. शंभर वर्षं गेली तरी आकडा शून्यावर येत नाही. वस्तू पुरती मेली, असं आयकर खात्याच्याही तोंडून निघत नाही.

"म्हणजे बेचाळीस रुपयांच्या खुर्चीवर अठराशे खर्च करायचे?" सौ. म्हणाली. हिशेबात ती बरोबर होती. ती नेहमीच असते.

आई आत पलंगावर गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. महिन्यापूर्वीच डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरून, "बदलावे लागतील, दोन्ही," असं सांगितलं होतं. ती आतूनच म्हणाली, "खुर्चीचं काय ते ठरवा. आणि अरे, माझे किती रुपये किती पैसे होतात तेही एकदा मांडून ठेव."

निवृत्त गृहस्थांना एकदम घरचं काहीतरी काम आठवलं.

आता मी कॅश काउंटरवर बसणारा माणूस. (२०२४ च्या करारापासून आम्हा कारकुनांना 'ग्राहक सेवा सहयोगी' म्हणतात. नाव नवं, खुर्ची तीच.) 'किती उरलं म्हणजे वस्तू ती वस्तू राहते?' हा प्रश्न मी दिवसाला पाच-सात वेळा सोडवतो, कारण लोक फाटक्या नोटा घेऊन येतात. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. वीस रुपयांपर्यंतची नोट असेल, तर तिचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्यापेक्षा जास्त हवा. मग पूर्ण पैसे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा अखंड तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीमध्ये अर्धे, चाळीसच्या खाली काही नाही. आणि दोन निराळ्या नोटांचे तुकडे चिकटवून एक नोट करून आणलीत, तर ती नोटच नव्हे. मोठमोठ्या तत्त्वज्ञांना जे जमलं नाही ते रिझर्व्ह बँकेनं चौरस सेंटिमीटरमध्ये करून दाखवलं आहे.

म्हणजे तत्त्वज्ञांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. मिलिंद राजाला, ज्याच्या नावाचं महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात नागसेनवनात आहे त्या ग्रीक राजाला, भिक्खू नागसेनानं विचारलं होतं, तू रथातून आलास ना? मग रथ कुठला? हे चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे? जू म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. शेवटी ठरलं ते असं, की हे सगळे भाग जुळून आले की त्याला 'रथ' म्हणायची आपली रीत आहे, एवढंच. म्हणजे जोडलेली नोट नागसेनानं घेतली असती. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी नागसेनाला घेतलं नसतं.

हे सगळं मनात घोळत असताना वेत विणणारे काका आले. त्यांना दिसत नाही. पूर्वी अंधशाळांतून खुर्च्या विणायला आवर्जून शिकवत आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायचं काम अशा माणसांना मिळे. काका त्या पिढीतले. पुतण्या त्यांना स्कूटरवरून सोडून गेला. त्यांनी बादलीभर पाणी मागितलं, वेताच्या पट्ट्या त्यात भिजत घातल्या आणि खुर्चीवरून हात फिरवायला सुरुवात केली, डॉक्टर पोट तपासतात तसा.

"साहेब, ही आधी दोनदा विणलेली आहे. भोकांच्या कडा बघा कशा झिजल्यात. आणि हा मागचा पाय सागाचा नाही. फणस असावा."

मी चाळीस वर्षं त्या खुर्चीत बसतो आहे. डोळे दोन्ही शाबूत. मागचा पाय फणसाचा असल्याचं मला त्या दिवशी कळलं. सौ.नं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ही तर जोडलेली नोट निघाली.

आईला विचारलं. ती म्हणाली, "फणसाचाच आहे. तुझ्या बाबांनी ती एका कचेरीच्या लिलावात घेतली, तेव्हाच तिला तीन पाय होते. ती आपल्याकडे नवी कधी नव्हतीच."

काका दीड दिवस विणत होते. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरप्या; मधे आठ कोनांची भोकं आपोआप उमटत जातात. ओला वेत सैल दिसतो म्हणून मुलानं काळजी व्यक्त केली, तर काका म्हणाले, "वाळू द्या. वाळला की तोच ताठ होईल. उद्यापर्यंत कुणी बसू नका." मुलगा शेजारी मांडी घालून बसला, ते विणणाऱ्या बोटांकडे बघत. मोबाइल त्याच्या हातात होता, पण बंद. एवढ्यासाठी अठराशे रुपये स्वस्त, असं माझं मत झालं. हिशेबात ते कुठल्या खात्यावर टाकायचं याचं उत्तर माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकात नाही.

त्या दीड दिवसात मला एक गोष्ट सुचली, ती अशी. दुरुस्ती आणि बदली असे आपण दोन शब्द करतो खरे, पण प्रत्येक दुरुस्ती ही कशाची तरी बदलीच असते. काकांनी वेत बदलला, म्हणून खुर्ची दुरुस्त झाली. मुलाचं ऐकून खुर्ची बदलली असती, तर बाग दुरुस्त झाली असती. डॉक्टर आईचे गुडघे बदलणार आहेत. तिथे कोबाल्ट-क्रोमचा धातू येईल आणि मधे प्लॅस्टिक (ऊन लागणार नसल्यामुळे माझी हरकत नाही), पण आई बदलली असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा प्रश्न किती टक्के उरलं हा नाहीच. तुम्ही अख्खं कुणाला म्हणता आणि सुटा भाग कुणाला, हा आहे. आई आतून बोलली ती याच भीतीनं. घर अख्खं, आणि आपण त्यातला झिजलेला भाग, असा हिशेब कुणी मांडतंय की काय, हे तिला बघायचं होतं.

आणि ही भीती काही सत्तरीतच येते असं नाही. आमच्या बँकेत एका जागेवरून माणूस काढून दुसरा बसवण्याला शब्दच 'बदली' असा आहे. माझी तीनदा झाली. शाखा दर वेळी दुसऱ्या दिवशी साडेनऊला उघडली, बिनतक्रार.

सरकारनंही २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' ठरवायला एक समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, मोटारी अशी चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. खुर्च्या नव्हत्या. गुडघे आणि कारकून तर नव्हतेच.

आईच्या ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. परवा व्यायाम शिकवायला बाई आल्या होत्या. त्यांनी घरातल्या सगळ्या बैठकी टेपनं मोजल्या आणि ऑपरेशननंतर बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही म्हणून बजावलं. वडिलांची खुर्ची तीन इंच कमी भरली. आईनं लगेच सुताराला निरोप धाडला. त्यानं चारही पायांना खालून तीन-तीन इंचांचे तुकडे जोडून दिले. लाकूड काय लावलं ते मी मुद्दाम विचारलं नाही. खुर्ची आता आईच्या येणाऱ्या गुडघ्यांच्या मापाची झाली आहे. रविवारी पेपर घेऊन मी तिच्यावर बसतो तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. सौ. म्हणते, अहो, एक पाट ठेवा ना खाली. पाट माळ्यावर आहे. त्याची एक पट्टी निखळली आहे.