थकलेला विश्वस्त

संगणकाच्या जगात ‘अनाथ’ हा शब्द भेटेल असे मला कधी वाटले नव्हते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात प्रत्येक पॅकेजचा कोणीतरी सांभाळ करतो, बहुधा स्वखुशीने आणि बिनपगारी. त्याला ते झेपेनासे झाले की तो ‘कोणी दत्तक घेता का’ अशी सूचना लावतो. अगदीच हात टेकले तर पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते.

डिस्कची निगा राखणारी जुनी हत्यारे घ्या. कॅनडातील मार्क लॉर्ड यांनी लिहिलेले एचडीपार्म हे त्यांतलेच. ते डिस्कशी थेट बोलते. एखादी आज्ञा चुकली तर डिस्क कायमची निकामी. म्हणून त्यातली एक घातक आज्ञा देताना सोबत ‘कृपा करून माझ्या डिस्कचा नाश कर’ अशा अर्थाचे शब्द लिहावे लागतात! या विनोदामागे जी काळजी आहे, ती नव्या माणसाच्या हाती कशी द्यायची?

मूळ मजकूर तर सर्वांना खुलाच असतो. मग सोपवायचे ते काय? त्या नावाने निघालेली नवी आवृत्ती लोक डोळे मिटून घेतात, तो भरवसा. पण भरवसा ही सांभाळणाऱ्याची मिळकत नव्हे. ती लोकांनी त्याच्यापाशी ठेवलेली ठेव. एकाची ठेव तिसऱ्याला परस्पर कशी देता येईल? आणि बिनपगारी माणसाने ती मरेपर्यंत राखावी, असे म्हणण्याचा अधिकार तरी कोणाला आहे?

फिनलंडचे लासे कॉलिन एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२२ साली त्यांनी उघड सांगितले, की मनःस्वास्थ्य ठीक नाही, आणि हे काम केवळ हौसेचे आहे. त्यावर घाई करणारी, टोचणारी पत्रे आली. ती लिहिणारेही सोंगाडेच असावेत, असा संशय पुढे आला. ‘जिया तान’ या नावाचा तत्पर मदतनीस जवळ उभा होताच. दोन वर्षे त्याने चोख काम केले, अधिकार मिळवले, आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या आवृत्तीत चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेपायी आंद्रेस फ्रॉइंड यांनी मार्चअखेर ती शोधली.

कॉलिन यांना दोष देणाऱ्यांशी माझे जमत नाही. माणूस आणखी किती पारखायचा? आपल्याकडे सोयरिकी याहून कमी चौकशीवर ठरतात. दोष असेल तर तो फुकट वापरणाऱ्यांचा. सांभाळणारा ‘थकलो’ म्हणतो तेव्हा ठेवीदारांनी धावून यायला हवे होते. ते येत नसतील, तर घाईने वारस शोधण्यापेक्षा ‘अनाथ’ ही पाटीच मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यापायी चुका दुरुस्त न होता राहतील, एखाद्याचा डेटाही जाईल. पण निदान धोका दिसत तरी राहील.

चोरवाट काढून टाकलेली स्वच्छ आवृत्ती मे २०२४ मध्ये निघाली. ती काढायला पुन्हा कॉलिनच बसले होते.