दगडातले तेल, अरण्यातला दांडा

तेल हवे असले की माणूस तीळ घेऊन घाण्याकडे जातो, वाळू घेऊन जात नाही. रोजच्या या व्यवहारातून सांख्यांनी सत्कार्यवाद हा फार मोठा सिद्धान्त काढला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतल्या नवव्या कारिकेत त्याची पाच कारणे दिली आहेत. त्यांचे सार असे की कार्य कारणात आधीपासूनच असते. घाणा ते निर्माण करत नाही, फक्त उघडे करतो. न्याय-वैशेषिकांना हे पटले नाही. तेल आधीच होते तर घाणा फिरवायचा कशाला, असा त्यांचा प्रश्न; त्यांच्या मते कार्य ही नवी वस्तू असते. एखाद्या देशाच्या भूगर्भातल्या शेल नावाच्या खडकात अमुक इतके तेल किंवा वायू ‘आहे’ असे जाहीर होते, तेव्हा हा जुना वाद जसाच्या तसा परत उभा राहतो. त्या ‘आहे’वर पुढे पाण्याचे, जमिनीचे आणि पैशाचे निर्णय होतात, म्हणून त्याचा अर्थ नीट लावायला हवा.

शेल म्हणजे शांत पाण्याच्या तळाशी बसलेल्या अतिबारीक गाळाचा दगड. तळाशी प्राणवायू कमी असेल तर शैवालादी सूक्ष्म जीवांचे अवशेष पुरते न कुजता गाळात दडपले जातात आणि त्यांचा केरोजेन नावाचा घन सेंद्रिय पदार्थ बनतो. खडक खोल जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसला लाखो वर्षे मुरला की केरोजेनचे तेल होते, त्याहून तापला तर वायू. त्यातले काही तेल निसटून वाळूच्या खडकात साठते. आपली नेहमीची तेलक्षेत्रे ती. बाकीचे शेलमध्येच अडकून राहते, कारण या दगडाची छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची असतात. नॉर्थ डकोटातल्या बाकेन थरांत तेल तयार आहे. आडवी विहीर खणून, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडक फोडला की ते वाहते. सांख्यांना हा दाखला आवडला असता. पण कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांत पसरलेला ग्रीन रिव्हर खडक पाहा. तिथे केरोजेन अफाट आहे, पण तो पुरेसा तापलाच नाही. त्याला भट्टीत शेकडो अंशांना भाजल्याशिवाय तेल मिळत नाही. एक्सॉन या तेलकंपनीने असे तेल काढण्याचा तिथला कॉलनी प्रकल्प २ मे १९८२ रोजी बंद केला आणि दोन हजारांवर कामगार बेकार झाले. एकीकडे दडलेले उघडे करायचे आहे, दुसरीकडे नसलेले घडवायचे आहे. तरी दोन्हीकडे बोलताना ‘दगडात तेल आहे’ असेच बोलले जाते.

माझे म्हणणे असे की शेलच्या क्षमतेबाबत नैयायिकांची बाजू अधिक खरी आहे, आणि ती बाकेनलाही लागू पडते. मीमांसकांनी ‘शक्ती’ हा स्वतंत्र पदार्थ मानला होता. विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही, अग्नी तर तोच असतो. म्हणजे त्यातली अदृश्य शक्तीच मण्याने रोखली, असा त्यांचा युक्तिवाद. नैयायिक म्हणाले, अशी गुप्त वस्तू मानायची गरज नाही. प्रतिबंधक नसणे हेसुद्धा एक कारणच आहे. सगळी कारणसामग्री जमली की कार्य होते, एक जरी कारण कमी पडले तरी होत नाही. आता आकडे पाहू. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे शेलमधून १,५४० कोटी बॅरल तेल काढता येईल, असे अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ मध्ये सांगितले. २०१४ मध्ये तो अंदाज ६० कोटींवर आला. त्याच प्रशासनाने २०११ मध्ये पोलंडसाठी १८७ लाख कोटी घनफूट वायूचा अंदाज दिला होता. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूवैज्ञानिक संस्थेने तो कितीतरी खाली आणला. या काळात दगड तसूभरही बदलला नव्हता. क्षमता ही दगडात साठवलेली वस्तू असती, तर ती कागदावर अशी आटली नसती.

यावर सर्वांत सबळ आक्षेप टेक्सासमधल्या बार्नेट शेलचा आहे. तो थर निरुपयोगी समजला जात होता. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून तिथे विहिरी खणल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस घट्ट जेलऐवजी मुख्यतः पाणीच वापरून खडक फोडण्याची रीत बसवली. नाही म्हणणारे चुकले, चिकाटी जिंकली. मग क्षमता दगडात होतीच ना? मराठी माणसाला इथे वाळू रगडून तेल काढण्याची गोष्ट आठवेल. पण भर्तृहरीच्या नीतिशतकात ती प्रयत्नाच्या स्तुतीसाठी आलेली नाही. तेही एक वेळ साधेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळणार नाही, असे तिथे सांगायचे आहे. आपण तिचा पुढचा भाग विसरलो. बार्नेटमध्ये बदलली ती सामग्री: पाण्याची रीत, वायूचा भाव, जवळच्या वाहिन्या, आणि जमीनमालकालाच खालच्या खनिजाचा हक्क देणारा अमेरिकी कायदा. मिचेल यांची थोरवी यात आहे की त्यांनी एक हरवलेले कारण आणून दिले. बार्नेट जेवढा सांख्यांचा आहे, त्याहून अधिक न्यायाचा आहे.

मग भूवैज्ञानिक जे मोजतात ते सारे व्यर्थ का? मुळीच नाही. नैयायिकांनी यासाठी ‘स्वरूपयोग्यता’ हा नेमका शब्द ठेवला आहे. अरण्यात पडलेला दांडा कुंभाराचे चाक फिरवण्याजोगा असतो, पण त्याने एकही घडा घडत नाही. दगडातले सेंद्रिय कार्बनचे प्रमाण आणि तो किती तापला याची मोजमापे ही योग्यता सांगतात, आणि ती खरी असते. गुजरातेतले खंबायत खोरे घ्या. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड तिथे खाली खोल गेला आहे आणि त्याच्या वरच्या थरांत खंबायत शेल आहे; अंकलेश्वरपासून मेहसाण्यापर्यंत निघणाऱ्या तेलाचे माहेर मुख्यतः तोच. तिकडे पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळच्या इच्छापूरला ओएनजीसीच्या विहिरीत जानेवारी २०११ मध्ये शेल वायू लागला. २०१३ मध्ये भारतासाठी ९६ लाख कोटी घनफूट काढण्याजोग्या वायूचा अंदाज आला, त्याच वर्षी सरकारी धोरणही आले. व्यापारी उत्पादन मात्र उभे राहिले नाही. दांडा चांगला आहे, पण अजून अरण्यातच आहे.

शेवटचा आक्षेप धार्मिक आहे आणि मला तो हलका वाटत नाही. भूमातेने दिलेले आहे, देशात गरिबी आहे, तेल बाहेरून विकत घ्यावे लागते; अशा वेळी हाताशी असलेले न घेणे हा दानाचा अव्हेर नाही का? हा प्रश्न सत्कार्यवादातून सहज उगवतो. तेल आधीच ‘आहे’ असे मानले की ते न काढणे म्हणजे वाया घालवणे ठरते. पण क्षमता सगळ्या सामग्रीची असेल, तर दान एकट्या दगडाचे नाही. एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागते, आणि मेहसाण्याचे भूजल शेतीसाठी उपसून आधीच खोल गेले आहे. विहिरीचा प्रवाह पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतो, म्हणून नव्या विहिरी आणि नवे पाणी लागतच राहते. वायू गळाला तर मिथेन हवेत जातो. फ्रान्सने २०११ मध्ये खडक फोडण्याच्या या पद्धतीवर बंदी घातली. भूकंपाच्या धक्क्यांनंतर २०१९ मध्ये इंग्लंडने ही पद्धत थांबवली. फ्रान्सच्या बंदीने पॅरिसच्या खोऱ्यातला शेल बदलला नाही. तिथल्या समाजाचा नकार हाही एक प्रतिबंधक ठरला, मण्याइतकाच खरा. मेहसाण्याचा शेतकरी उद्या पाणी देतो की नाही, हेही त्या शेलच्या क्षमतेच्या हिशेबात धरावे लागेल, आणि त्याला ते विहीर खणण्याआधी विचारावे लागेल.