गाठ नसलेली गाय

२०२२ च्या भाद्रपदात लम्पी आली. आटपाडीचा जनावरांचा बाजार बंद झाला. सरकारनं लस फुकट दिली. ती खरं तर शेळ्यांच्या देवीची लस, पण गाईलाबी लागू पडते म्हणाले. आमच्या वस्तीवर एकोणीस जनावरांना टोचली. अठरा नीट राहिली. माझी खिलार गाय तिसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावीना, पाचव्या दिवशी गेली. अंगावर एक गाठ नव्हती.

लसीनंच गेली, असं मी छातीठोक सांगणार नाही. गोचीड तापबी असंल. पण टोचणारं पोरगं पंचनाम्याला आलं तेच घाबरून. कंत्राटी नोकरी. मला बाजूला घेऊन म्हणालं, "आबा, लसीनं मेली म्हणाल तर त्याला रकानाच नाही. लम्पी लिहू. गाईला ३० हजार आहेत."

बैलाला २५, वासराला १६. दर मला पाठ होते. थोरला म्हणाला, "घ्या की आबा. गाय तर गेलीच हाय, त्यात खोटं काय?"

मी सही केली. तोड झाली. पोराची नोकरी राहिली, मला पैसे मिळाले.

सरकारला फसवलं याचं मला फार वाटत नाही. सरकारनं आम्हाला कमी फसवलेलं नाही. सलतं ते वेगळंच. माझी एक, दिघंचीची एखादी, अशा दहा नोंदी जमल्या असत्या, तर कुणीतरी त्या बाटल्या तपासल्या असत्या. मी ती नोंद विकली. आणि खरं लिहिलं असतं तर? शेजाऱ्यांनी उरलेली जनावरं दडवली असती, आणि लम्पीनं ती नेली असती. लस सगळ्यांच्या राखणीसाठी. मग राखणीपायी एखाद्याचं गेलं, तर ते त्याचं एकट्याचंच कसं?

औरंगाबादच्या एका बापाची डॉक्टर लेक २०२१ मध्ये कोरोनाची लस घेतल्यावर गेली. लसीमुळंच गेली, म्हणून त्यानं मुंबई हायकोर्टात १००० कोटी मागितले. आकडा ऐकून पारावर लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या बापाला पैशापेक्षा रकाना पाहिजे असणार. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्रानं सुप्रीम कोर्टात सांगितलं, लस ऐच्छिक होती, जबाबदारी आमची नाही, दिवाणी कोर्टात जा. कोरोनानं मेलेल्याच्या घरी मात्र ५० हजार ठरलेले. अमेरिकेनं १९८६ मध्येच कायदा केला. तिथं लसीच्या डोसावर थोडा कर घेतात, त्या फंडातून बाधा झालेल्याला देतात. चूक कुणाची, हे शोधत बसावं लागत नाही.

आमच्यात गाय कशानं गेली असं कुणी विचारलं, की मी अजून लम्पीच सांगतो.

बाजार सुरू झाल्यावर खरसुंडीहून कालवड आणली. पुढच्या खेपेला तेच पोरगं लस घेऊन आलं. माझ्याकडं बघंना. मी कालवडीची मान धरली आणि म्हणालो, "टोच."