विजोड जू : ख्रिस्ती धर्म आणि परधर्मीयाशी विवाह

विवाह दोन माणसांचा होतो. पण त्या दोघांचे धर्म वेगळे असले की मांडवात आणखी कितीतरी माणसे येऊन उभी राहतात. आईबाप, भाऊबंद, धर्मगुरू, आणि अजून जन्माला न आलेली मुलेसुद्धा. ख्रिस्ती समाजाने या प्रश्नाचा जवळजवळ दोन हजार वर्षे विचार केला आहे. त्याच्यापुढे हा प्रश्न आला तो धर्मांतर केलेल्या पहिल्याच पिढीत. म्हणून त्याने काय उत्तरे दिली आणि त्यांतली कोणती माणुसकीच्या कसोटीला उतरतात, हे धर्मांतरित घरांनी डोळसपणे पाहण्यासारखे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, साधारण ५५ च्या सुमारास, करिंथ या ग्रीक शहरातील नवख्रिस्ती मंडळीला पौलाने पत्र लिहिले. तिथली अडचण साधी होती. नवरा ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही. किंवा बायको झाली आणि नवरा जुन्याच देवांना धरून राहिला. अशा जोडीदाराला सोडावे काय? त्याच्या सहवासाने आपण अपवित्र होतो काय? पौलाचे उत्तर असे : जोडीदार तुमच्याबरोबर नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नका. श्रद्धा नसलेला श्रद्धावंताला बाटवत नाही. श्रद्धावंतामुळेच तो पवित्र ठरतो, आणि मुलेही पवित्रच.

या उत्तराकडे नीट पाहा. पौलाने इथे विटाळाची दिशाच उलटी केली. ज्यांच्या वाडवडिलांनी स्पर्शाचा विटाळ पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना या युक्तिवादाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु पौल तेवढ्यावर थांबत नाही. जोडीदार आपण होऊन निघून जात असेल तर जाऊ द्या, असेही तो म्हणतो. शांतीने जगण्यासाठीच देवाने तुम्हाला बोलावले आहे. आणि मग तो पत्नीला विचारतो, नवऱ्याचे तारण तुझ्या हातून होईल हे तुला कशावरून कळले? या प्रश्नाचे दोन अर्थ लावले गेले. काही म्हणतात, ही आशा आहे. धीर धर, तो येईल. काही म्हणतात, हा इशारा आहे. त्या आशेवर दुसऱ्याला बांधून ठेवू नकोस. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण शांतीचे वाक्य त्याच्या लगेच आधी आले आहे.

झालेल्या विवाहाबद्दल इतका उदार असलेला पौल होणाऱ्या विवाहाबद्दल मात्र कडक आहे. विधवेने हव्या त्या माणसाशी लग्न करावे, पण ते ‘प्रभूमध्ये’, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या माणसाशीच, असे तो त्याच पत्रात सांगतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विजोड जुवाची उपमा आहे. बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नये, या मोशेच्या जुन्या नियमावरून ती आली असावी. शेतकऱ्याला ही उपमा चटकन समजेल; एकाची चाल वेगळी, दुसऱ्याची वेगळी, मान मात्र दोघांचीही सोलते. गंमत अशी की त्या ठिकाणी विवाहाचा शब्दही नाही. तरीही परधर्मीयाशी लग्न करू नये हे सांगताना उपदेशक आज बहुधा हेच वचन पुढे करतात.

ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांकडून घेतलेल्या ग्रंथांत तर दोन्ही टोके आहेत. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर एज्राच्या पुढाकाराने परक्या स्त्रिया केलेल्या पुरुषांनी त्या बायका, मुलाबाळांसह, घालवून द्यायचे ठरवले. त्या बायका पुढे कुठे गेल्या, ग्रंथ सांगत नाही. त्याच ग्रंथसंग्रहात रूथ आहे. ती मवाबी, म्हणजे परकीच. विधवा झाल्यावरही ती सासूला सोडत नाही, बेथलेहेमात बवाज तिच्याशी लग्न करतो, आणि दावीद राजा तिचा पणतू निघतो. मत्तयाने येशूची वंशावळ दिली तेव्हा तिचे नाव वगळले नाही. रूथने नवऱ्याच्या लोकांचा देव स्वीकारला होता हे खरे. पण पहिले लग्न झाले तेव्हा ती परकीच होती.

आता ख्रिस्ती लोकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे केवळ द्वेषाचे नाही. ते म्हणतात, एकाला जे सर्वांत मोठे वाटते ते दुसऱ्याला काहीच वाटत नसेल, तर संसार कशावर उभा राहणार? मुलाचे नाव काय ठेवायचे, त्याला कोणती प्रार्थना शिकवायची, मेल्यावर माती कोणत्या विधीने द्यायची? यातले काहीही टळत नाही. म्हणून अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आपल्या तरुणांना सांगतात की लग्नाच्या आधीचे फिरणे, ज्याला आज ‘डेटिंग’ म्हणतात, तेही परधर्मीयाशी सुरू करू नका. ‘मी त्याला प्रभूकडे आणीन’ या भरवशावर तर नकोच. हा शेवटचा सल्ला मला योग्य वाटतो, पण त्यांच्या कारणाने नाही. आपल्या माणसाची श्रद्धा डळमळेल ही त्यांची भीती. समोरच्याच्या प्रेमाला आमिष लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हे माझे कारण.

आमिष नको, तर मग काय? पेत्राच्या नावाने असलेल्या पत्रात बायकांना उपदेश आहे की शब्द न बोलता, वागणुकीने नवऱ्याला जिंका. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील मोनिका ही याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिचा नवरा पात्रिकिउस ख्रिस्ती नव्हता. तो रागीट होता, बाहेरख्यालीही होता. तिने ते सोसले आणि आयुष्याच्या अखेरीस तो ख्रिस्ती झाला. तिचा मुलगा ऑगस्टीन याने हे मोठ्या आदराने लिहून ठेवले आहे. आदर ठीक. पण हे मूक सोसणे बाईच्याच वाट्याला का यावे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

सर्वांत जास्त घरे फुटली ती मुलांवरून. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्याप्रमाणे मिश्र विवाहाला परवानगी हवी असेल तर दोघांनीही हमी द्यायची, आणि बहुधा लेखी, की सर्व मुलांना कॅथलिक म्हणूनच वाढवू. म्हणजे जो कॅथलिक नाही त्यानेही आपल्या मुलांचा धर्म आधीच लिहून द्यायचा! आयर्लंडमधील फेथर्ड-ऑन-सी या गावी १९५७ साली एका प्रॉटेस्टंट आईने मुलींना कॅथलिक शाळेत घालायचे नाकारले आणि ती त्यांना घेऊन गाव सोडून गेली. गावातील कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट दुकानांवर बहिष्कार घातला. एका आईच्या विवेकाची शिक्षा वाण्याला, शिक्षकाला, सगळ्या शेजाऱ्यांना! तिथल्या बिशपांनी याबद्दल १९९८ साली माफी मागितली. त्याआधीच, १९७० मध्ये, पोप सहावे पॉल यांनी नियम बदलला होता. आता वचन फक्त कॅथलिक जोडीदाराकडून घेतले जाते, तेही आपल्याकडून होईल तेवढे करीन एवढेच. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची, सही घ्यायची नाही. १९८३ च्या कायद्यात हेच कायम राहिले. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचे तर बिशपची सूट मात्र अजूनही लागते.

आपल्याकडे हा प्रश्न कसा आला? १८६६ साली इंग्रज सरकारने कायदा केला. एखादा माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने जोडीदार सलग सहा महिने त्याला सोडून राहिला, तर त्याला न्यायालयात जाऊन शेवटी विवाह मोडून घेता येई. पौलाच्या ‘जाऊ द्या’ला मिळालेले हे कायद्याचे रूपच होते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. आप्तांकडे राहिल्या, लोकांचे बोल ऐकले, मूल सांभाळले. निर्णय नवऱ्याचा होता, पण त्याची किंमत त्याही देत होत्या. टिळकांनी विवाह मोडला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे, तर आपले सोवळेओवळे घेऊन. टिळकांनी ते चालू दिले. कोणाच्या हातचे खावे, कोणाचे पाणी प्यावे, हे कोडे त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे हसत-रडत सांगितले आहे.

ही हकिकत सांगणारे बहुधा १९०० सालापाशी येऊन समाधानाने थांबतात, जणू ती बायको ख्रिस्ती झाली म्हणूनच संसार सावरला. पण त्या परत नांदायला आल्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. त्या तशाच राहिल्या असत्या तरी, पौलाच्या पत्राप्रमाणे, टिळकांना त्यांना सोडण्याचा अधिकार नव्हता.