आजीची हकिगत आणि नातवाचे साधन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीची भूमी हादरली. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव गेले. ज्यांनी ती पहाट पाहिली, त्यांतले बरेच जण आज आजी-आजोबा झाले आहेत. त्यांच्या नातवंडांना मात्र ती ठाऊक आहे एका तारखेएवढीच. समजा, औसा तालुक्यातील एखाद्या शिक्षिकेने वर्गाला सांगितले, ‘घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसाची हकिगत ऐका आणि ती वर्गापुढे मांडा.’

कशाने मांडायची? वहीत लिहून, मोबाईलवर आवाज मुद्रित करून, चित्रफीत काढून, की संगणकाकडून क्षणात रंगवून घेतलेली चित्रे जोडून? कोणते साधन स्वस्त, कोणते सोपे, कोणते मुलांना आवडते, एवढे पाहून हा प्रश्न सहसा सोडवला जातो. माझ्या मते तो आधी नीतीचा प्रश्न आहे, कारण ही गोष्ट मुलाची नाही. त्याने ती उसनी घेतली आहे, आणि उसनी वस्तू वापरताना आपण घरातल्या वस्तूपेक्षा अधिक जपतो.

चित्रांचेच पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘भूकंपानंतरचे मराठवाड्यातले गाव’ असे सांगितले, की ती ढिगारे, धूळ, रडणारी स्त्री, सारे काही काढून देते. चित्र देखणे असते. पण तो ढिगारा कधी नव्हता आणि ती स्त्री कुणाचीच आई नाही. आजी सांगते, ‘कंदील सापडला नाही, अंधारात हाताने माती उकरली’. आणि पडद्यावर मात्र लख्ख उजेडातले दुःख दिसते. पाहणाऱ्याच्या मनात पुढे कोणते राहील? काल्पनिक कथेला असे चित्र जोडले तर मला त्यात काहीच वावगे दिसत नाही. कोल्हा-करकोच्याचे चित्र खरे आहे का, असे कोणी विचारीत नाही. साक्षीला मात्र सजावट चालत नाही. न्यायालयात चालत नाही, मग वर्गात का चालावी?

म्हणून मी साध्या ध्वनिमुद्रणाच्या बाजूचा आहे. जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये ती सोय असते, इंटरनेट लागत नाही आणि आजीला पदर सावरून कॅमेऱ्यापुढे बसावे लागत नाही. आवाजात थांबणेही मुद्रित होते. लिहिताना मूल ते गाळून टाकते, आणि चित्रफीत जुळवताना तर ‘रटाळ भाग’ म्हणून तेच आधी कापले जाते.

शिवाय बोलीचा प्रश्न आहे. आपल्याकडची आजी ‘काय करायलास?’ असे विचारते. बोललेले आपोआप टंकित करणाऱ्या सोयी प्रमाण मराठीवर पोसलेल्या असतात. त्यांच्या हाती हे वाक्य पडले की ते ‘सुधारून’ बाहेर येण्याचा धोका असतो. नांदेड जिल्ह्यात तर ही अडचण आणखी खोल जाते. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी आणि तांड्यातांड्यांवर गोरमाटी. त्या मुलाने आपल्या आजीची गोष्ट कोणत्या लिपीत, कोणत्या कळफलकावर उतरवावी? आवाजाला लिपी लागत नाही. (या भागाने एक वेगळा काळही पाहिला आहे. निजामाच्या राजवटीत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठी घरांतली मुले उर्दूतून शिकत. घरची भाषा एक आणि पाटीवरची दुसरी, हे आपल्या आजोबा-पणजोबांना नवे नव्हते.)

साधनाअभावी लिपी सोडावी लागल्याचा एक मोठा दाखला आपल्या परंपरेतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले, पण १६१६ मध्ये ते छापले गेले रोमन अक्षरांत. देशी लिपीचे खिळे पाडून मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. ते काही घडले नाही. पुढे ते पुराण देवनागरीत छापून सामान्य मराठी वाचकाच्या हाती यायला विसावे शतक उजाडले. तरीही ते टिकले, कारण लोक ते गात होते. स्टीफन्स साधनासाठी अडून बसले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. पण लिपीची तडजोड करताना त्यांनी भाषेची केली नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट मालकीची. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर, अमेरिकेकडून मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. आपल्या शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातली खेडीही त्यांत होती. मुदत संपली, उपग्रह दुसरीकडे गेला, पडदे काळे झाले. आणि त्या खेड्यांना पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. त्यांचे बोलणे वर पाठवण्याची वाट फारशी नव्हतीच. आज वाट आहे, पण ती दुसऱ्याच्या शेतातून जाते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या मुलांनी केलेल्या असंख्य चित्रफिती एका रात्रीत दिसेनाशा झाल्या. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. ज्याने दुसरी प्रत ठेवली नव्हती त्याचे गेले, एवढे खरे. आजीचा आवाज असा एकाच ठिकाणी ठेवणे म्हणजे घराची कागदपत्रे भाडेकरूच्या खोलीत ठेवण्यासारखे आहे. एक प्रत शाळेत, एक घरी मेमरी कार्डावर, आणि मग वाटल्यास जगापुढे.

यावर पालक म्हणतील, पुण्या-मुंबईची मुले चित्रपट करू लागली, आमच्यांनी नुसता आवाजच मुद्रित करावा काय? आक्षेप हलका नाही. लातूर पॅटर्नच्या या भूमीत मागे पडण्याची भीती घराघरांत वसते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. म्हणजे लहान गावाने नवे साधन वापरू नये, असे कोणी म्हणू शकत नाही. मुलांनी चित्रपट जरूर करावेत, स्वतःच्या कल्पनेतल्या कथांचे करावेत, कृत्रिम बुद्धिमत्तेशीही खेळावे. आणि वर्गात ऐकू न येणारे मूल असेल, तर माझा आवाजाचा आग्रह तिथेच गळून पडतो. त्याच्यासाठी चित्र आणि अक्षर हीच खरी वाट.

संमतीचे काय, हा भाग मात्र अवघड आहे. मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची संमती हवी, अशी अट २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने घातली आहे. पण नातवाला आपली हकिगत सांगणाऱ्या आजीला कोण विचारतो? ती नातवाला सांगते आहे, गावाला नाही. मुद्रण झाल्यावर ते आधी तिला ऐकवावे. ऐकून ती म्हणाली, ‘हे पुसून टाक,’ तर? इतिहासाचा अभ्यासक हळहळेल, आणि त्याची हळहळ खोटी नाही. असे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. तरी मी पुसण्याच्या बाजूने कौल देईन. शिक्षिकेला वेगळे वाटत असेल, तर तिने ते मोबाईल हातात देण्यापूर्वीच मुलांना आणि आजीलाही स्पष्ट सांगावे.