गवताच्या रंगाचा कोळी

दक्षिण आफ्रिकेच्या सव्हानात हिवाळा कोरडा असतो. जून-जुलैपर्यंत उंच वाढलेलं गवत वाळून पिवळं पडतं. त्यातल्या एखाद्या काडीला लागून मोनेसिस नावाचा खेकडा-कोळी पसरलेला असतो. पुढचे पाय जुळवून पुढे ताणलेले, मागचे मागे, पोट शेपटीसारखं निमुळतं, अंगावर उभ्या रेघा. वाऱ्याने काडी हलते, तिच्याबरोबर तोही हलतो.

हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. रेशीम आहे, पण ते अंड्यांच्या पिशवीला, आणि तोल गेला तर लोंबकळायला. त्याचा सापळा तो स्वतःच. मोडला तर दुसरा विणता येत नाही.

*

शेजारच्या झाडावर त्याचाच भाऊबंद टमारस. हा राखाडी, खरबरीत. डहाळीला चिकटून बसला की डहाळीला फुटलेला डोळाच वाटावा. दोघंही आपापल्या जागी बेमालूम. अदलाबदल केली तर दोघंही उघडे पडतील.

जो जागेत इतका मुरला, त्याला जागा सोडायची सोय उरत नाही.

*

सव्हानाला वणवा नवा नाही. झाड आणि गवत यांच्यातला जुना वाद बऱ्याच अंशी आगच मिटवत आली आहे. क्रुगर राष्ट्रीय उद्यानात तर 1954 पासून ठरावीक पट्टे मुद्दाम जाळून या आगीचा अभ्यास चालला आहे. आग जाते, जमीन काळी होते. काल ज्या पिवळ्या रंगाने कोळ्याला लपवलं, तोच आज चुगली करतो.

रंग बदललेला नसतो. आजूबाजू बदललेली असते.

*

याच कुळातला थॉमिसस फुलांवर बसतो. आफ्रिकेतही आहे, ऑस्ट्रेलियातही. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवरचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या फुलावरचा पांढरा कोळी माणसाला दिसत नाही, म्हणून तो लपलाय असं माणसाने धरून चाललं होतं. पण त्याचं अंग अतिनील किरण परावर्तित करतं, आणि मधमाशीला ते दिसतात. तिच्या डोळ्यांना तो फुलावर झळकतो. ती रिकामं फूल सोडून त्याच्याच फुलाकडे जाते.

ही मधमाशी युरोपातून आणलेली, तिथे येऊन जेमतेम दोनशे वर्षं झालेली. तिथली देशी मधमाशीही त्या झळाळीला भुलून जवळ येते, पण पुष्कळदा न बसताच वळते. भुरळ दोघींनाही पडते. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार फक्त एकीच्या गाठीशी असतो.

लपणं नेहमी कुणाच्या तरी डोळ्यांपुरतं असतं. आपल्याला दिसलं नाही, यावरून ते लपलंय एवढं ठरत नाही.

*

मग अभ्यासक अशा कोळ्याला शोधतात कसे? डोळ्यांवर फार भिस्त ठेवत नाहीत. गवतातून कापडी जाळी सपासप फिरवतात. फांदीखाली पांढरं कापड धरून वर काठीने झोडपतात. कापडावर पानं, काटक्या, मुंग्या पडतात, आणि त्यांतली एक काटकी तिरकी चालू लागते. दक्षिण आफ्रिकेत 1997 पासून चाललेल्या कोळ्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत असे कितीतरी जीव याच रीतीने जमा झाले.

कोळ्याचं रूप तेच राहतं, काढून घेतलं जातं ते गवत. एवढ्यावर तो सापडतो. माणसालाही ओळखायचं तर त्याच्याकडे टक लावून भागत नाही. त्याचं गवत कोणतं, ते आधी पाहावं लागतं.