पेन्शन कुणाचं, पदर कुणाचा

सातारा
रविवार, दुपार

चि. मुक्ता हिस,


निवृत्त ब्रिटिश अंमलदारांच्या पेन्शनवरच्या तुझ्या भाषणाचा मसुदा दोनदा वाचला. ‘ज्यांनी दीडशे वर्षं लुटलं, त्यांच्या म्हातारपणाची सोय आपण का करायची?’ हे वाक्य टाळ्या घेईल. पण परीक्षकांत माझ्यासारखा कोषागारात हाडं झिजवलेला कुणी बसला असेल, तर तो तिथेच कान मिटेल.

मी नोकरीला नवा होतो तेव्हा दर नोव्हेंबरात एक वृद्ध गृहस्थ हयातीच्या दाखल्यासाठी येत. एका विलीन झालेल्या संस्थानच्या दफ्तरात ते कारकून होते. संस्थान गेलं, १९७१ साली राजेलोकांचे तनखेही गेले, यांचं पेन्शन मात्र चालूच. रक्कम इतकी किरकोळ की एस.टी.च्या तिकिटात निम्मी जात असावी. एकदा मी आगाऊपणे म्हणालो, ‘संस्थानच उरलं नाही, आता पेन्शन कसलं?’ आमच्या हेडक्लार्कनी मला आत नेलं आणि म्हणाले, ‘ते बक्षीस न्यायला येत नाहीत. राहिलेला पगार न्यायला येतात.’

तनखा आणि पेन्शन यांची गल्लत तुझ्या मसुद्यात झाली आहे. दुसऱ्या बाजीरावाला मिळणारे सालाचे आठ लाख कंपनीने १८५१ नंतर नानासाहेबांना नाकारले, हा दाखला तू झोकात दिला आहेस, तो काढ. ते राज्य सोडल्याचं मोल होतं, नोकरीचा मोबदला नव्हे. त्याची चोपडी वेगळी.

नोकरी केलेल्या माणसाचं पेन्शन हे देणं आहे, हे मोकळेपणाने मान्य कर. मग खरी गाठ समोर येते: भरती केली लंडनने, पगार दिला हिंदी रयतेने, मग पेन्शनचा भार कुणाचा? हा प्रश्न १९४७ साली उपटलेला नाही. कुठला खर्च इंग्लंडने सोसायचा आणि कुठला हिंदुस्थानने, हे ठरवायला वेल्बी कमिशन नेमलं होतं. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते आणि १८९७ साली तिशीतल्या गोपाळराव गोखल्यांनी लंडनला जाऊन त्यापुढे साक्ष दिली. परक्या अंमलदारांचा खर्च त्यांनी आकड्यांनी मांडला, शिव्यांनी नाही.

तूही एक आकडा मांड. आय.सी.एस. अधिकाऱ्याचं पेन्शन वर्षाला १,००० पौंड. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा त्याचे १०,००० रुपये होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर आला आणि तेच पेन्शन १५,००० रुपयांना पडू लागलं. साहेब तोच, काम तेच, बोजा दीडपट. तुझ्या ‘लुटलं’पेक्षा हे जास्त बोचेल.

स्वातंत्र्यानंतरचं तर तू लिहिलंच नाहीस. दुसऱ्या महायुद्धात आपण पुरवलेल्या मालाचे आणि सेवेचे पैसे ब्रिटनकडे पौंडांत साचले होते. म्हणजे धनको आपण आणि ऋणको ते. १९४८ च्या करारात त्याच शिल्लकेतून सुमारे १६.८ कोटी पौंड वळते करून आपण निवृत्त अंमलदारांच्या पेन्शनसाठी ‘उतरती वर्षासनं’ घेतली. उतरती म्हणजे दरवर्षी कमी होत जाणारी. पेन्शनर निवर्तत जाणार, हे त्यात धरलेलं. १९५५ साली ब्रिटनने ही पेन्शनं देण्याची जबाबदारी थेट उचलली, पण मोल आपण आधीच मोजून बसलो होतो. १९५५ साली आपले अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, स्वतः आय.सी.एस. मला हा योगायोग आवडतो. भाषणात वापरायचा की नाही ते तू बघ.

सरदार पटेलांना ‘मवाळ’ म्हणू नकोस. १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सभासद चिडलेले असताना त्यांनी कारभारात राहिलेल्या आय.सी.एस. अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनच्या हमीची बाजू लढवली. दिलेला शब्द आणि चालता कारभार, दोन्ही त्यांना सांभाळायचे होते. ती हमी कलम ३१४ झाली आणि १९७२ च्या २८ व्या घटनादुरुस्तीने गेली. त्या दिवसाची चर्चा मुळातून वाच. विरोधकांचीही वाच, त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं.

आता तुझ्या हाती खरं हत्यार देतो. टांझानियाचे तेव्हाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे. १९६८ साली त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्याआधी ब्रिटनने धाडलेल्या अंमलदारांचं त्या काळातल्या नोकरीचं पेन्शन ब्रिटननेच द्यावं. ब्रिटनने रागाने मदत आखडली. आणि पुढे? १९७३ साली ब्रिटिश पार्लमेंटने ‘ओव्हरसीज पेन्शन्स अ‍ॅक्ट’ करून जुन्या वसाहतींतल्या अशा पेन्शनांचा भार स्वतःकडे घेण्याची वाट मोकळी केली. ज्यासाठी न्येरेरेंना कानपिचकी मिळाली, तेच पाच वर्षांनी कायद्यात आलं! तुझ्या बाजूचा याहून भक्कम साक्षीदार मला माहीत नाही, आणि म्हाताऱ्यांचं पेन्शन बुडवा असं त्यांचंही म्हणणं नव्हतं.

वेळ उरला तर पूर्व आफ्रिकेतल्या कचेऱ्यांत राबलेल्या गोव्याच्या कारकुनांबद्दल दोन वाक्यं बोल. नैरोबी, दारेसलाम, कंपाला इथल्या वह्या त्यांच्याच अक्षरात भरल्या गेल्या. पण ते काही लंडनहून धाडलेले साहेब नव्हते. पौंड-शिलिंगांची ही ओढाताण साहेबांसाठी चालली होती.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत धाड. टाइप केलेला नको, हाताने लिहिलेला पाठव. खोडलेलं काय ते मला बघायचं आहे.

तुझा,
नानाकाका